पिवळेपणा आतला, आपण घासतो बाहेरून: दात पांढरे करण्याबद्दल

नाशिककडे ज्यांचं लहानपण द्राक्षाच्या बागेत गेलंय त्यांना दात आंबणं म्हणजे काय ते सांगायला नको. साखर भरायच्या आधीचे हिरवे मणी खात सुटायचं, कुणी ओरडेपर्यंत, आणि संध्याकाळी भाकरीचा घास घेतला की वरचा दात खालच्याला नुसता टेकला तरी अंगावर काटा. दातावरून जीभ फिरवली तर खरखरीत लागायचं, माठातलं पाणीसुद्धा सणकायचं. आजी म्हणायची, दात आंबले, आता आंबट बंद, उद्यापर्यंत होतील बरे. आणि खरंच दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बरेचसे जागेवर यायचे. मी वीस वर्षं दातांची डॉक्टर आहे, इंदिरानगरला क्लिनिक आहे, आणि इनॅमल म्हणजे काय हे पेशंटला सांगायला मला या दात आंबण्यापेक्षा चांगलं उदाहरण अजून मिळालेलं नाही, कारण त्या एका रात्रीत दाताचं बिघडणं आणि लाळेने ते सावरणं दोन्ही होऊन गेलेलं असतं.

तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे एक ठरलेला प्रश्न सुरू होतो, मॅडम दात पांढरे करून मिळतील का, लग्न आहे. कुणाचं स्वतःचं, कुणाच्या भावाचं, आणि आता नवरदेवही येतात, जरा लाजतात पण येतात. विचारताना आवाज हळू होतो आणि पुढचं वाक्य हमखास येतं, पण ब्लीचिंगने इनॅमल जळतं ना, दात कायमचे कमजोर होतात ना, आमच्या मावशींनी सांगितलंय. आणि मला वाईट याचं वाटतं की हीच माणसं घरी लिंबू, मीठ, कोळशाची पावडर, चुलीतली राख, रीलमध्ये दिसेल ते दाताला घासताना अजिबात घाबरत नाहीत, कारण ते घरगुती, नैसर्गिक. म्हणजे भीती आहे, पण ती चुकीच्या जागी जाऊन बसलीय. ती उचलून योग्य जागी ठेवायची एवढ्यासाठीच हे लिहितेय, आणि त्यासाठी आधी दात आतून कसा असतो ते बघायला लागेल.

दाताचं वरचं कवच म्हणजे इनॅमल. आपल्या शरीरातली सगळ्यात कडक वस्तू, हाडापेक्षाही कडक, वजनाने जवळपास ९६ टक्के नुसतं खनिज, कॅल्शियम आणि फॉस्फेटचे बारीक बारीक स्फटिक एकमेकांना घट्ट लागून बसलेले. आता लोकांना वाटतं इनॅमल पांढरंशुभ्र असतं. तसं नाहीये. ते असतं अर्धपारदर्शक, दुधी काचेसारखं, आणि त्याच्या मागे असतं डेंटिन, जे मुळातच पिवळसर आहे, सगळ्यांचंच, हिरोहिरोइनींचंही. तर आरशात आपल्याला जो रंग दिसतो तो बराचसा मागच्या डेंटिनचा असतो, पुढच्या काचेतून दिसणारा. म्हणूनच सुळे बाकीच्या दातांपेक्षा नेहमी जास्त पिवळे दिसतात, तिथे आत डेंटिन जाड असतं, आणि म्हणूनच हिरडीजवळचा भाग पिवळा दिसतो, तिथे काच पातळ होत होत संपते. दाढेच्या टोकावर इनॅमल अडीच मिलिमीटरपर्यंत जाड असतं, पुढच्या दातांवर त्याहून बरंच कमी, आणि हिरडीपाशी कागदासारखं. वय वाढतं तसं बाहेरून काच झिजते, आतून डेंटिन जाड होत जातं, आणि पन्नाशीत माणूस म्हणतो मी तर रोज दोनदा ब्रश करतो तरी दात पिवळे कसे. अहो, ब्रशचा त्यात काहीच दोष नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. इनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येतानाच संपून जातात. हाड मोडलं तर जुळतं, नख तुटलं तर वाढतं, कातडी सोलली तर नवी येते, पण इनॅमल परत बनवणारं तोंडात कुणीच शिल्लक नसतं. सहाव्या-सातव्या वर्षी पुढचा जो पक्का दात आला त्याच्यावर जेवढा थर होता तेवढ्यावरच सत्तरीपर्यंत काढायचंय. लाळ काय करू शकते, तर जिथून थोडं खनिज विरघळलंय पण सांगाडा अजून उभा आहे तिथे परत कॅल्शियम-फॉस्फेट भरू शकते. थर पूर्ण गेला असेल तर लाळही काही करू शकत नाही. घराच्या गिलाव्याला तडे गेले तर भरता येतात, गिलावा कोसळला तर भरणार कशात, तसंच हे.

आता खरी गोष्ट सांगते. मागच्या वर्षी नोव्हेंबर संपता संपता पिंपळगाव बसवंतकडून एक मुलगी आली, सोबत आई. फेब्रुवारीअखेर लग्न. मुलगी म्हणाली मॅडम, दोन महिने झाले रोज घासतेय, आधी थोडे पांढरे झाल्यासारखे वाटले आणि आता उलट जास्तच पिवळे दिसतात, वर थंड पाणी पिता येत नाही. कशाने घासतेस, तर लिंबाची फोड, तिच्यावर मीठ नाहीतर खायचा सोडा, आणि ती फोडच दातावर, रोज सकाळी पाच मिनिटं.

तिला खुर्चीत घेतलं आणि वरच्या पुढच्या दातांवर हवेचा झोत मारला, फक्त वाळवायला. ती एकदम मागे सरकली, डोळ्यात पाणी. नुसत्या हवेने. मग लाइट तिरका धरून बघितलं. विशी-बाविशीतल्या दातावर, नीट वाळवला आणि बाजूने उजेड टाकला तर आडव्या अगदी बारीक रेषा दिसतात, नदीकाठच्या वाळूवर वाऱ्याने उमटतात तशा, इनॅमल थराथराने बनत गेल्याच्या त्या खुणा असतात आणि तरुण दातावर त्या दिसल्या की मला बरं वाटतं. हिच्या दातांवर एकही रेष नव्हती. पृष्ठभाग गुळगुळीत, चकचकीत, आणि खालच्या कडा निळसर-करड्या, आरपार उजेड जाईल अशा. आरसा हातात दिला आणि तिच्या दातामागे माझं ग्लोव्ह घातलेलं बोट धरलं, कडेतून बोटाची सावली तिची तिलाच दिसली. आई म्हणाली, अगं काय करून घेतलंस हे. मुलगी रडायलाच लागली, आणि मी तिला म्हटलं रडू नकोस, बाळ, तुला कुणी सांगितलंच नव्हतं.

काय झालं होतं ते समजून घ्या. इनॅमल विरघळायला सुरुवात होते ती पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट. साध्या वेळी लाळेचा असतो सातच्या आसपास. लिंबाचा रस दोन ते अडीच. आणि या मापात एक आकडा खाली म्हणजे दहापट आंबट, म्हणजे ५.५ आणि २.५ मध्ये दिसायला फरक तीनचा पण प्रत्यक्षात हजारपट. लिंबू लागलं की वरचा थर मऊ होतो, दात आंबतात तेव्हा होतो तसाच, आणि तो मऊ असतानाच ही मीठ घेऊन वरून घासतेय, तर लाळेला दुरुस्ती करायला वेळ मिळायच्या आत तो थर निघूनच जातो. दुसऱ्या दिवशी परत. बागेतले आंबट मणी खाल्ल्यावर आपण निदान दात घासत बसायचो नाही, म्हणून वाचायचो. खायच्या सोड्याबद्दल खरं सांगायचं तर तो एकटा तसा सौम्य आहे, फार खरवडत नाही, आणि लिंबाच्या थोड्याशा आंबटपणाला मारतोही, पण रसाने भरलेल्या फोडीवर चिमूटभर सोडा कुठे पुरणार, फसफस होते आणि माणसाला वाटतं मळ निघतोय. मळ वगैरे काही निघत नाही, आंबट आणि सोडा एकत्र आले की फेस येतोच, भज्यांच्या पिठातसुद्धा येतो.

आणि उलट पिवळे का दिसायला लागले? कारण तिने काच घासून पातळ केली आणि मागची भिंत होती तेवढीच पिवळी. पातळ काचेतून ती अजून स्पष्ट दिसायला लागली. कोळशाच्या पावडरीने, काळ्या टूथपेस्टने, राखेने, विटेच्या भुकटीने, खरखरीत मंजनाने हळूहळू हेच होतं. पहिल्या आठवड्यात वरचे चहाचे डाग निघतात म्हणून उजळ वाटतं, मग आपण अजून जोर लावतो. कोळशाने दात आतून पांढरे होतात याला धड पुरावा नाही, आणि भरलेल्या दातांच्या फटीत, चिरांमध्ये काळे कण अडकून बसलेले मी स्वतः खरवडून काढलेत.

आता ब्लीचिंगकडे येऊ. यात घासणं नाहीच. जेलमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड असतं किंवा कार्बामाइड पेरॉक्साइड, जे तोंडात गेल्यावर सुटं होऊन हायड्रोजन पेरॉक्साइडच देतं, १० टक्के कार्बामाइड म्हणजे जवळपास साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असा हिशोब. हा रेणू इतका छोटा आहे की इनॅमलच्या स्फटिकांमधल्या बारीक फटींतून आरपार जातो, डेंटिनमध्ये पोहोचतो, आणि काही मिनिटांत दाताच्या नसेपर्यंतसुद्धा. आत जे रंगीत पदार्थ साठलेले असतात त्यांचे मोठे रेणू असतात, त्यांच्या जोडण्या हे पेरॉक्साइडमधलं ऑक्सिजन तोडतं, रेणू छोटे झाले की रंग फिका. म्हणजे काच जागेवर ठेवून काचेच्या मागची भिंत उजळायची. कल्पना तीच, पांढऱ्या कपड्यावरचा डाग घासून घासून कापड विरवायचं की ब्लीचमध्ये भिजवायचं.

रात्री ट्रे, म्हणजे आत जेल लावलेलं, दातांवर बसणारं पातळ कव्हर, घालून झोपायची जी घरची पद्धत आहे ती दंतवैद्यकाच्या जर्नलमध्ये पहिल्यांदा छापून आली १९८९ मध्ये, हेवूड आणि हेमन या दोघांनी मांडली. म्हणजे कालपरवाचं फॅड नाहीये, पस्तीसहून जास्त वर्षं लोक हे करतायत आणि डॉक्टर त्यांचे दात तपासत आलेत.

मग इनॅमलला काहीच होत नाही का? होतं, थोडं होतं, आणि कधी जास्तही होतं, हे लपवायचं कारण नाही. काढलेले दात घेऊन, बरेचदा गायीबैलांचेही घेतात कारण ते मोठे आणि सपाट असतात, त्यांच्यावर जेल लावून ठेवतात आणि मग हिऱ्याचं टोक दाबून कडकपणा मोजतात, मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बऱ्याच प्रयोगांत कडकपणा जरा कमी झालेला, पृष्ठभाग जरा खरखरीत झालेला, बारीक खड्डे पडलेले दिसतात, आणि काही प्रयोगांत काहीच फरक दिसत नाही. इंटरनेटवर दोन टोकाची मतं सापडतात ती यामुळेच. फरक पडतो कशाने, तर जेल किती तीव्र, किती वेळ ठेवलं, आणि तिसरी गोष्ट जी पेशंटला कुणी सांगत नाही, जेलचा पीएच किती. पेरॉक्साइड आंबट ठेवलं तर बाटलीत जास्त टिकतं, त्यामुळे काही जेल चांगलीच आंबट असतात, आणि मग नुकसान ब्लीचचं कमी आणि आंबटपणाचं जास्त, म्हणजे परत आपलं दात आंबणंच. चांगली क्लिनिकची जेल म्हणूनच दोन नळ्यांत वेगळी येतात आणि लावायच्या वेळी मिसळतात, मिसळल्यावर आंबटपणा जातो. आणि प्रयोगशाळेतल्या दाताला लाळ नसते. तोंडात चोवीस तास लाळ फिरतेय, फ्लोराइडची पेस्ट आहे, तिथे हा जो मऊपणा येतो तो काही दिवसांत बराचसा भरून निघतो. १० टक्के कार्बामाइडसारखं सौम्य, आंबट नसलेलं जेल डॉक्टरच्या देखरेखीखाली दोनेक आठवडे वापरलं तर इनॅमलचा थर त्याने निघून जात नाही, हे मी न कचरता सांगते.

त्रास होतो तो मुख्यतः सेन्सिटिव्हिटीचा, आणि तो बऱ्याच जणांना होतो. पेरॉक्साइड नसेपर्यंत पोहोचतं म्हटलं ना, नस त्याने चिडते. मधूनच एखाद्या दातात सुई टोचल्यासारखी सणक जाते, काहीही न खाता-पिता, आणि माणूस घाबरतो की दात गेला. बहुतेक वेळा दोन-चार दिवसांत कमी होतं, ट्रे एक दिवसाआड घातला की अजून कमी. पोटॅशियम नायट्रेट असलेली सेन्सिटिव्हिटीची पेस्ट आधी दोन आठवडे वापरायला लावतो, ते नसेला शांत ठेवतं. खालचे पुढचे चार दात नाजूक असतात, त्यांच्यात नस पृष्ठभागाच्या जवळ असते, तिथे मी क्लिनिकमधलं तीव्र जेल कमी वेळ ठेवते, आणि एखाद्याचे ते दात आधीच झिजलेले असतील तर लावतच नाही.

क्लिनिकमध्ये एका बैठकीत जे करतात त्यात २५ ते ४० टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. हे औषध हिरडीला लागलं तर जागा पांढरी पडते, भाजतं, म्हणून आधी हिरडीवर एक लेप देऊन तो कडक करतात आणि मगच जेल लावतात. निळा लाइट, लेझर हे जे दाखवतात त्याचा शेवटच्या रंगात फार फरक पडतो असं दिसलेलं नाही, दात मात्र गरम होतो आणि सणक वाढते. पेशंटला लाइट आवडतो, फोटो चांगला येतो, ते ठीक आहे. पण बैठक संपल्यावर आरशात जे एकदम खडूसारखे पांढरे दात दिसतात तो रंग पूर्ण खरा नसतो हे ऐकून ठेवा. दीड तास तोंड उघडं ठेवून दात कोरडे पडलेले असतात आणि कोरडा दात जास्त पांढरा दिसतो, लाळेत परत ओला झाला की काही दिवसांत एक-दोन पायऱ्या खाली येतो. मग फोन येतो, मॅडम पैसे गेले, रंग उतरला. उतरलेला नाही, तुमचा खरा रंग आत्ता कुठे दिसतोय. म्हणून मी लग्नाच्या आदल्या दिवशी कधीच करत नाही, कितीही गळ घातली तरी.

एक मुलगा आला होता, ब्युटी सलूनमध्ये लाइट लावून करून घेतलेलं, जेल कुठलं होतं, किती टक्क्यांचं, कुणाला माहीत नाही, डबीवर लेबलच नव्हतं म्हणे. हिरड्यांच्या कडा पांढऱ्या पडलेल्या, दोन दातांना कीड होती आणि त्या किडलेल्या भोकांतून औषध सरळ आत गेलेलं, रात्रभर झोपला नव्हता. त्याला रूट कॅनाल करावं लागलं. युरोपात २०१२ पासून नियम आहे की ०.१ टक्क्याहून जास्त आणि ६ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड असलेलं हे सामान फक्त दंतवैद्याकडूनच, पहिली वेळ त्याच्या देखरेखीखाली, आणि अठराच्या आतल्यांना नाहीच. आपल्याकडे तुम्ही निदान एवढं करा, समोरचा माणूस बीडीएस आहे का आणि महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे त्याची नोंदणी आहे का ते विचारा. राज्यभरच्या दंत महाविद्यालयांतल्या मुलांच्या परीक्षा घेणारं आरोग्य विद्यापीठ आपल्याच गावात, म्हसरूळला आहे, आणि आपणच सलूनच्या खुर्चीत दातांवर औषध लावून घेतोय याचं मला मनापासून दुःख होतं.

पेस्टबद्दल थोडक्यात. व्हाइटनिंग टूथपेस्ट म्हणजे बहुतेक वेळा जरा जास्त खरखरीत पेस्ट, वरचे डाग काढते, आतला रंग बदलत नाही. काहींमध्ये निळा रंग घातलेला असतो, जांभळी सीरम मिळतात तीही त्यातलीच, तो दातावर पातळ बसतो आणि पिवळेपणा दबून पांढरं दिसतं. आपण पांढऱ्या कपड्यांना नीळ देतो तसंच हो. नीळ दिल्याने कापडाला अपाय नाही, पण पुढच्या धुण्यात ती जाते.

ब्लीचिंगने काय जाणार नाही हेही आधीच माहीत हवं. त्या मुलीची आई म्हणाली, मॅडम माझे पण करता येतील का, आणि पदर तोंडाला लावला. मिश्रीचे दात. आतल्या बाजूने काळे, हिरडीलगत किटण. काकूंना म्हटलं तुम्हाला ब्लीचिंगची गरजच नाही, तुमचा काळेपणा वरचा आहे, तो क्लिनिंगने निघेल, मात्र मिश्री सोडली नाही तर तीन महिन्यांत परत येईल आणि खरा धोका तर दातांना नाहीच, तोंडाच्या कातडीला आहे. त्यांचं नेहमीचं उत्तर तयार होतं, क्लिनिंगने दात हलतात म्हणे. नाही हलत, काकू. किटण दातांच्या मध्ये सिमेंटसारखं बसलेलं असतं, ते काढलं की आधी झाकलेल्या फटी जिभेला लागतात, आणि हिरडी आधीच सोडलेली असेल तर तो ढिलेपणा तेव्हा कळतो, मशीनने दात हलवलेला नसतो. चहा, तंबाखू, गुटखा, लोहाचं टॉनिक, काही लाल माउथवॉश, या सगळ्यांचे डाग वरचे असतात. आधी क्लिनिंग, मग आठ दिवसांनी रंग बघायचा, अर्ध्या लोकांना पुढे काही करावंसं वाटतच नाही.

कॅप, सिमेंट, दाताच्या रंगाचं फिलिंग, यांचा रंग ब्लीचने बदलत नाही, त्यामुळे बाजूचे दात पांढरे झाले की जुनं फिलिंग उघडं पडतं. ते बदलायचं असेल तर ब्लीचिंगनंतर निदान आठ-पंधरा दिवस थांबावं लागतं, दातात राहिलेल्या ऑक्सिजनमुळे नवं फिलिंग नीट चिकटत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांतून इकडे एमआयडीसीत कामाला आलेल्या मुलांच्या दातांवर फ्लोराइडच्या पाण्याचे पांढरे-तपकिरी चट्टे असतात, त्यांत ब्लीचिंगने सुरुवातीला पांढरे चट्टे उलट जास्त उठून दिसतात, तो वेगळा उपचार आहे. लहानपणी बॉल लागून एकच दात काळा पडलाय तर बहुतेक वेळा त्याची नस मेलेली असते, तो बाहेरून नाही, रूट कॅनाल करून आतून उजळतात. हिरड्या उतरून मुळं उघडी पडली असतील तर तिथे इनॅमल मुळातच नसतं, तिथे जेल नको. पोटात बाळ असेल तर थांबा, बाळंतपण झाल्यावर, दूध पाजणं संपल्यावर बघू, घाई कसलीच नाहीये.

आणि नाशिकमध्ये बसून वाइनबद्दल न लिहिणं बरं नाही. गंगापूर धरणाच्या बाजूला टेस्टिंगच्या कामातली दोन-तीन तरुण मंडळी माझ्याकडे येतात. वाइनचा पीएच तीन ते चारच्या मध्ये, आणि चाखायची म्हणजे ती तोंडात घोळवायची, दिवसातून कितीतरी वेळा, लाळेला मध्ये सावरायला वेळच नाही. त्यांचे दात डागाळतात म्हणून ती ब्लीचिंगला येतात, आणि मला दिसतं की डागापेक्षा झीज मोठी आहे. त्यांना सांगते तेच तुम्हाला, लिंबू सरबत, आवळा, कोला, कोकम, जे काही आंबट घेतलं असेल त्यानंतर लगेच ब्रश नको, साध्या पाण्याने चूळ भरा, अर्धा-एक तास जाऊ द्या. आणि घ्यायचं तर एका बैठकीत घ्या, दिवसभर घोट घोट नको. ब्लीचिंग चालू असताना तर हे अजून पाळायचं, आणि क्लिनिकमधल्या बैठकीनंतर एक-दोन दिवस मिसळीची तर्री, हळदीची आमटी, काळा चहा, लाल वाइन लांबच बरी.

त्या मुलीला मी नोव्हेंबरात ब्लीचिंग केलं नाही. लिंबू बंद, मऊ ब्रश, फ्लोराइडचा लेप दोनदा, सेन्सिटिव्हिटीची पेस्ट, आणि सहा आठवडे थांबायचं. गेलेला थर आला नाही, येणारही नाही, पण उरलेला परत कडक झाला, जानेवारीत हवेचा झोत मारला तर ती फक्त डोळे मिचकावून बसली. मग तिच्या दातांचं माप घेऊन पातळ ट्रे बनवला, १० टक्के कार्बामाइड, भाताच्या शिताएवढं जेल प्रत्येक दाताला, एक रात्र आड, साडेतीन आठवडे. शेड गाइड म्हणून आमच्याकडे सोळा नमुन्यांचा एक पट्टा असतो, त्यावर ती ए-३ होती, संपलं तेव्हा ए-२ च्याही थोडी उजळ. खडूसारखे पांढरे नाही झाले, तिच्या चेहऱ्याला शोभतील असे झाले. कडांना बारीक फिलिंग द्यायचं ते लग्नानंतर ठरवलं, कारण ते पंधरा दिवस मध्ये हवेत.

एप्रिलमध्ये सासरहून फोन, मॅडम नणंदेचं लग्न आहे, ट्रे डबीत ठेवलाय, जेल थोडं उरलंय, परत आठ दिवस करू का. तिला म्हटलं खिडकीच्या उजेडात, दात ओले असताना फोटो काढून पाठव. बघितला, रंग फेब्रुवारीत होता तेवढाच होता. तिला सांगितलं, ट्रे धुऊन डबीत परत ठेव, उरलेलं जेल टाकून दे, पुढच्या वर्षी तपासणीला ये, तेव्हा गरज वाटली तर एक-दोन रात्री घालू. आणि कडांच्या फिलिंगला कधी येतेस ते आधी सांग.